नावापुढची अक्षरं

वीकेंडला कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडणाऱ्यांची एक वेगळीच दुनिया आहे. तिथेही डेडलाइन असते, अप्रेझल असतं, प्रमोशन असतं. फक्त पगार नसतो. उलट पैसे आपणच भरायचे!

समजा, जहांगीरच्या टेरेस गॅलरीत फोटोंचं प्रदर्शन बघता बघता कुणीतरी तुमच्या हातात व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. नाव साधं, नोकरी बँकेतली. पण नावापुढे ही लांबलचक शेपटी: एएफआयएपी, एआरपीएस, पीपीएसए. डॉक्टरबिक्टर असावेत, नाहीतर लंडनहून अकाउंट्सचं काहीतरी करून आले असावेत, असं वाटून तुम्ही उगाच जरा आदराने बघता. तर तसं काही नसतं. ही सगळी अक्षरं फोटोग्राफीची आहेत. आणि ती मिळवण्यासाठी या गृहस्थांनी कित्येक वर्षांचे शनिवार-रविवार, दिवाळीच्या सुट्ट्या आणि घरी खरा आकडा सांगता येणार नाही एवढे पैसे घातलेले असतात.

आता आपल्याकडे या. पहिल्या चांगल्या बोनसवर घेतलेला कॅमेरा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात आहे. गोव्याची ट्रिप झाली, भावाचं लग्न झालं, पावसाळ्याच्या तोंडावर राजमाचीला काजवे काढून झाले. मग हळूहळू मोबाइलनेच भागायला लागलं आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या तेवढ्या बदलायच्या राहिल्या. इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे ऑनलाइन विकून टाकणं. दुसरा म्हणजे ऑफिसातला कुणीतरी ‘अरे, आमच्या क्लबला ये ना एकदा’ म्हणतो, तो.

दुसरा रस्ता कुठे जातो, ते जरा सविस्तर बघू. कारण तो सरळ नाही, आणि त्याच्या पहिल्याच वळणावर बरेच जण चुकीकडे वळतात.

भाऊ दाजींचा क्लब

‘कॅमेरा क्लब’ म्हटलं की हे काहीतरी साहेबाचं, रिकामटेकड्यांचं, असं वाटतं. साहेबाचं आहे खरं, पण आपलंही तितकंच आहे. लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ साली. तीच पुढे रॉयल झाली. आणि मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ च्या ऑक्टोबरात. म्हणजे दोन वर्षंसुद्धा मध्ये गेली नाहीत! बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि इथे लोक एकत्र बसून काचेवर फोटो कसा उठवायचा यावर डोकं चालवत होते. काही वर्षांत सभासद दोनशेच्या वर गेले. त्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. हो, भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर त्या काळातले नामांकित हौशी फोटोग्राफर. दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळात कॅमेरा. शेड्यूल ओळखीचं वाटतंय ना?

१८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतल्या सुरुवातीच्या एतद्देशीय व्यावसायिक फोटोग्राफरांमध्ये गणले गेले.

कलकत्त्याची सोसायटी १८५६ ची. तिथला एक किस्सा मला फार आवडतो. राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान त्या सोसायटीचे पदाधिकारी होते. १८५७ मध्ये त्यांनी नीळमळेवाल्या गोऱ्यांविरुद्ध जाहीर भाषण केलं, आणि त्यावरून सोसायटीत एवढं वादळ उठलं की त्यांना बाहेर पडावं लागलं. तेव्हा क्लबातलं राजकारण आजचं नाही, एवढंच लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘लेफ्ट’ झालं की मनाला लावून घेऊ नका.

आज मुंबईत फोर्टात १९३७ पासूनची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आहे. बेंगळुरूची यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ ची. कोलकात्याकडे दमदमचा क्लब १९५७ चा, बेणू सेन यांच्यासारख्यांनी वाढवलेला. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर छत्री म्हणून फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी, १९५३ ची. शिवाय प्रत्येक शहरात लहान-मोठे ग्रुप आहेतच.

‘डावीकडचा तो पांढरा डाग’

क्लबात होतं काय? वरवर पाहिलं तर काहीच नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा रविवार सकाळ. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टर, चहा, पार्ले-जी. आयटीवाले, एलआयसीवाले, एखाद्या दंतवैद्य बाई, दोन रिटायर्ड काका, एक कॉलेजचा पोरगा. महिन्याचा विषय दिलेला असतो, म्हणजे ‘पाऊस’ किंवा ‘वळण’ किंवा नुसतंच ‘ओपन’. नावं न सांगता एकेक फोटो पडद्यावर येतो आणि त्या दिवशीचे परीक्षक बोलायला लागतात.

हे बोलणं ऐकण्यासारखं असतं. ‘लाइट सुरेख आहे, पण डावीकडचा तो पांढरा डाग डोळ्यात खुपतोय.’ ‘होरायझन वाकडा आहे, समुद्र सांडेल.’ ‘आजींच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, एक पाऊल सरकायला काय झालं होतं?’ तुम्ही काळोखात बसलेले असता. फोटो तुमचा असतो. ज्या फोटोवर इन्स्टावर दोनशे बदाम पडलेत, त्याच फोटोला इथे अर्ध्या मिनिटात उभा-आडवा सोलून ठेवतात. आणि गंमत म्हणजे तो पांढरा डाग तोपर्यंत तुम्हाला दिसलेलाच नसतो. एकदा दिसला की मग जन्मभर दिसतो. तुमच्याच नाही, सगळ्यांच्याच फोटोंत. लग्नाचे अल्बम बघायचं सुख मात्र कायमचं जातं.

माझं मत विचाराल तर क्लबात जायचं कारण एवढंच आहे. घरचे म्हणतात, ‘छान आलाय’. मित्र म्हणतात, ‘कोणता कॅमेरा रे?’ फोटोत काय चुकलंय हे तोंडावर सांगणारं माणूस शहरात दुसरीकडे सहज भेटत नाही. तेही फुकट, चहासकट.

काकांच्या फोटोंकडेही दुर्लक्ष करू नका. ते रीळवाल्या काळातले. त्यांच्या कपाटात सोळा बाय वीस इंचाचे काळे-पांढरे प्रिंट असतात. बाथरूममध्ये लाल दिवा लावून, सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत वाट बघून केलेले. त्यातला एक उलटा करून बघा. मागच्या बाजूला रंगीबेरंगी स्टिकर: हाँगकाँग, साओ पाउलो, बुडापेस्ट. प्रत्येक स्टिकर म्हणजे तिथल्या प्रदर्शनात हा प्रिंट लागला होता. त्या काळी जाड पुठ्ठ्यात बांधून, कस्टमवाल्यांसाठी वर ‘व्यापारी किंमत नाही’ असं लिहून पार्सल पाठवायचं आणि महिनोन् महिने पोस्टमनची वाट बघायची. परत आलेला प्रिंट एका कोपऱ्यात दुमडलेला असायचा. पण मागे स्टिकर असलं की सगळं माफ!

हे सलॉन वेगळं

तर या स्टिकरांच्या जगाला म्हणतात ‘सलॉन’. इथे केस कापत नाहीत, कधीकधी खिसा कापतात. सलॉन म्हणजे फोटोग्राफीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा-कम-प्रदर्शन. कुठलाही क्लब ते भरवू शकतो, पण वरच्या संघटनेची मान्यता लागते. या वरच्या संघटनांमध्ये सगळ्यात मोठी ‘फियाप’, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या फोटोग्राफी फेडरेशनांचा महासंघ. बेल्जियमच्या डॉ. मॉरिस व्हॅन डी वायर यांच्या पुढाकाराने तो १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी उभा राहिला. दुसरी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, १९३४ ची, जी पीएसए म्हणून ओळखली जाते.

पद्धत अशी. सलॉनमध्ये सेक्शन असतात: रंगीत, मोनोक्रोम, नेचर, ट्रॅव्हल, फोटोजर्नालिझम वगैरे. साधारणपणे एका सेक्शनला चार फोटो पाठवायचे, फी भरायची. तीन किंवा पाच परीक्षक बसतात. पडद्यावर फोटो येतो, प्रत्येक जण मार्क देतो, बेरीज होते, पुढचा फोटो. मोठ्या सलॉनला हजारो फोटो येतात आणि ते दोन-तीन दिवसांत उरकायचे असतात. म्हणजे एका फोटोच्या वाट्याला येतात काही सेकंद. बेरीज कट-ऑफच्या वर गेली तर तो झाला ‘अ‍ॅक्सेप्टन्स’. मेडल, रिबन हे त्याच्याही वर.

आणि हे अ‍ॅक्सेप्टन्स साठवत साठवत अक्षरं मिळतात. फियापची पहिली पायरी ‘आर्टिस्ट’, म्हणजे कार्डावरचं एएफआयएपी. त्यासाठी निदान पंधरा सलॉनमध्ये, आठ देशांत मिळून चाळीस अ‍ॅक्सेप्टन्स, आणि तेही किमान पंधरा वेगवेगळ्या फोटोंचे, असा हिशेब गेली काही वर्षं चालत आलाय. पुढची पायरी ‘एक्सलन्स’: अडीचशे अ‍ॅक्सेप्टन्स, पन्नास फोटो, वीस देश. त्याच्यापुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. क्रेडिट कार्डच जणू. पीएसएचे तारे वेगळे, अक्षरं वेगळी. अर्ज आपापल्या देशाच्या फेडरेशनमार्फत जातो. नियमांत अधूनमधून बदल होतो, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी ताजं पत्रक वाचा. काकांच्या आठवणीवर जाऊ नका.

आता जरा ऑफिसात करतो तसा हिशेब करू. समजा, तुमचे चारांतला एक फोटो लागतो. नवख्यासाठी हे फारच उदार गृहीत आहे, पण असू दे. चाळीस अ‍ॅक्सेप्टन्स हवेत तर एकशे साठ एण्ट्र्या. म्हणजे चाळीस सेक्शन. एका सेक्शनची फी गुणिले चाळीस. देशी सलॉन रुपयांत, बाहेरची युरो-डॉलरमध्ये. शिवाय फोटो काढायला जाण्याचा खर्च वेगळा. शेवटी अर्जाची फी. नावापुढचं एकेक अक्षर केवढ्याला पडलं, ते एक्सेलमध्ये मांडून बघा आणि फाइलला पासवर्ड टाका.

हिशेबी लोकांनी यावरही तोड काढली आहे. तिचं नाव ‘सर्किट’. चार-पाच क्लब एकत्र येतात, एकदाच फोटो पाठवायचे, प्रत्येक ठिकाणचे परीक्षक वेगळे. एकच फोटो एका फटक्यात चार ठिकाणी लागू शकतो. सोय चांगली आहे, लबाडी नाही. पण पार्सल बांधून साओ पाउलोला पाठवणाऱ्या काकांना हे सांगितलं की ते चष्मा काढून पुसायला लागतात.

सेम टु सेम

इथपर्यंत सगळं मजेचं. आता जरा टोचणारा भाग.

सलॉनचे कॅटलॉग पाठोपाठ बघत गेलात की दहाव्या पानानंतर आधी पाहिलेलं बघतोय असं वाटायला लागतं. धुळीत मेंढ्यांचा कळप, मागून ऊन, पुढे काठी घेतलेला धनगर. जेजुरीचा भंडारा हवेत. वाराणसीच्या घाटावर सीगल पक्षी आणि नावेत एकटा माणूस. चिखल उडवत धावणारे बैल. नंदगावची होळी, तीही ठरावीक गच्चीवरून. मेणबत्तीच्या उजेडात पोथी वाचणारे बालभिक्षू. भिगवणचे फ्लेमिंगो, नेमके उडताना. प्रत्येक फोटो सुंदर आहे, खोटं कशाला बोला. पण तो कुणाचा आहे हे खाली नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

हे असं का होतं? परीक्षकाकडे काही सेकंद असतात. तेवढ्यात जो फोटो ‘वाजतो’ तो वर जातो. हळूहळू कळणारा, दुसऱ्यांदा बघावासा वाटणारा, जरा गप्प असलेला फोटो तेवढ्या वेळात वाजत नाही. फोटोग्राफर काही मूर्ख नसतात. काय लागतं हे त्यांना दोन-तीन निकालांत कळतं. मग तेच काढायचं. आणि ते हमखास मिळावं म्हणून टूर निघतात. दहा-बारा जण, एक गाइड, पहाटेची गाडी. गाइडने मेंढपाळाला आधीच सांगून ठेवलेलं असतं. ऊन हवं तसं आलं की कळप एकदा इकडून तिकडे, मग सगळ्यांना मिळालं नाही म्हणून पुन्हा तिकडून इकडे. धूळ कमी पडली तर आणखी एकदा. पैसे दिलेले असतात, त्यामुळे मेंढपाळाची तक्रार नसते. मेंढ्यांना कुणी विचारत नाही.

रंगीत किंवा ओपन सेक्शनला हे चालतं. तिथे फोटो ‘रचायला’ बंदी नाही. पण तोच फोटो ट्रॅव्हल किंवा फोटोजर्नालिझममध्ये पाठवला की तो नियमात बसत नाही, कारण तिथे फोटोसाठी घडवून आणलेला प्रसंग चालत नाही. नेचरसाठी फियाप, पीएसए आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने मिळून एकच व्याख्या केली आहे, २०१५ पासून लागू. फोटोतला मजकूर बदलेल असं एडिटिंग नाही, लागवडीची झाडं नाहीत, पाळीव प्राणी नाहीत. घरट्यातली पिल्लं दाखवणारे फोटोही आता अनेक भारतीय स्पर्धा घेत नाहीत. कारण चांगला अँगल मिळावा म्हणून फांद्या बाजूला करणारे महाभाग होतेच, आणि उघडं पडलेलं घरटं कावळ्याला लगेच दिसतं. एका मेडलसाठी पिल्लांचा जीव. बोला!

मोठमोठ्या स्पर्धाही यातून सुटलेल्या नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही या क्षेत्रातली मोठी मानाची स्पर्धा. २००९ चा तिचा विजेता फोटो होता फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा. तो लांडगा बहुधा पाळलेला, शिकवलेला आहे असा निष्कर्ष निघाला आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. पुढे २०१७ च्या स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या एका फोटोतला मुंगीखाऊ म्हणजे पेंढा भरलेला प्राणी असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं आणि २०१८ मध्ये तोही फोटो बाद झाला. दोन्ही फोटोग्राफरांनी आरोप नाकारले. बक्षिसं गेली ती गेलीच.

आणि आता तर एआय. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या क्रिएटिव्ह विभागात बक्षीस मिळवलं आणि मग ते घ्यायलाच नकार दिला. कारण ते चित्र एआयने केलेलं होतं, आणि वाद व्हावा हाच त्याचा हेतू होता. पुढच्याच वर्षी मायल्स अ‍ॅस्ट्रे या फोटोग्राफरने बरोबर उलटं केलं. फ्लेमिंगोचा अगदी खराखुरा फोटो एआयच्या विभागात पाठवला, बक्षीस मिळवलं, आणि हा खरा आहे असं सांगितल्यावर तो बाद झाला! मान खाली घालून पोट खाजवणारा तो फ्लेमिंगो बिनडोक्याचा दिसतो, आणि खरंच कुणाला वाटलं नाही की निसर्ग एवढा विनोदी असू शकेल. फियाप आणि पीएसए, दोघांचंही म्हणणं आता स्पष्ट आहे: फोटोतला प्रत्येक तुकडा फोटोग्राफरने स्वतः कॅमेऱ्याने टिपलेला हवा. शंका आली तर मूळ रॉ फाइल मागतात. तेव्हा कार्ड भरलं म्हणून पटापट डिलीट मारत जाऊ नका.

दहा फोटो, एक भिंत

मग अक्षरांचा नाद सोडूनच द्यावा का? मला तसं वाटत नाही. अक्षरं मिळवायचा दुसराही एक रस्ता आहे, आणि त्यात मोजदाद नाही.

रॉयल फोटोग्राफिक सोसायटीत अ‍ॅक्सेप्टन्स कोणी विचारत नाही. तुम्ही किती सलॉनमध्ये लागलात, किती मेडलं आली, कुणाला काही पडलेलं नाही. पहिली पायरी ‘लायसेंशिएट’, एलआरपीएस. त्यासाठी दहा फोटो द्यायचे. बस, दहा. पण सुटे नाहीत, एकत्र. कोणता कुठे बसणार, वरच्या ओळीत कोणते, खालच्या ओळीत कोणते, त्याचा आराखडा तुम्हीच द्यायचा. परीक्षकांचं पॅनल ती अख्खी मांडणी एकदम बघतं. दुसरी पायरी ‘असोसिएट’: पंधरा फोटो, आणि तुम्हाला नेमकं काय दाखवायचंय हे दीडशे शब्दांत लिहून द्यायचं. ‘फेलो’साठी वीस-एकवीस फोटो, आणि त्यात तुमचा स्वतःचा आवाज दिसायला हवा. भारतात बसून अर्ज करता येतो, डिजिटल फोटोही चालतात.

वाचायला सोपं वाटतं ना? दहा तर फोटो! हार्ड डिस्कवर चाळीस हजार पडलेत. आता बसा निवडायला. पहिले पाच झटकन निघतात. सहावा पहिल्यासारखाच आहे. सातवा म्हणजे तो मेडलवाला धनगर, पण त्याचे भडक रंग बाकीच्यांना गिळून टाकतात. आठव्यात माणूस फ्रेमच्या बाहेर बघतोय, म्हणून तो उजव्या टोकाला ठेवता येत नाही, नाहीतर नजर भिंतीवरून निसटते. नववा नाहीच. तेव्हा लक्षात येतं की आपल्याकडे ‘हिट’ भरपूर आहेत, पण त्या सगळ्यांच्या मागे उभा असलेला माणूस कोण, हे कळायला मार्ग नाही. सलॉनला चाळीस वेळा लागलेला फोटोग्राफर इथे अडखळू शकतो आणि आयुष्यात एकही स्पर्धा न केलेली एखादी शाळामास्तरीण आपल्या गल्लीचे दहा साधे फोटो लावून पास होऊ शकते.

फियापवाल्यांनाही हे कळत नाही असं नाही. त्यांचा सगळ्यात वरचा किताब म्हणजे ‘मास्टर’, एमएफआयएपी. तिथे पोहोचल्यावर नुसती बेरीज पुरत नाही, वीस फोटोंची एकसंध मालिका मांडावी लागते. आपल्याकडे तो किताब मिळवणाऱ्यांत संडूरच्या मराठा संस्थानी घराण्यातले एम. वाय. घोरपडे होते. कर्नाटकचे अर्थमंत्री राहिलेला माणूस, आणि मिळेल त्या वेळात जंगलात कॅमेरा घेऊन. बेंगळुरूचे टी. एन. ए. पेरुमल हेही तसेच मास्टर. २०१७ मध्ये ते गेले, पण वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी हाताला धरून शिकवलं. या मंडळींच्या फोटोंखालचं नाव झाकलं तरी फोटो कुणाचा ते जाणकार सांगतात.

म्हणून एक उद्योग सुचवते. अर्ज करा, करू नका, ते नंतर. या वर्षी आपले दहा फोटो पोस्टकार्डाच्या साइझला प्रिंट करून घ्या. कुठल्याही लॅबमध्ये होतात, एका पिझ्झापेक्षा खर्च येत नाही. रात्री जेवणं झाल्यावर हॉलमधलं टीपॉय बाजूला करा आणि ते फरशीवर दोन ओळींत मांडा. वरचा खाली, खालचा वर. एक काढा, दुसरा घाला. घरातल्या कुणालातरी विचारा, यातला कोणता नको? कारण विचारू नका, नुसता कोणता ते विचारा. आईचं बोट बहुतेक वेळा बरोबर फोटोवर जातं. दोन दिवस तसेच राहू द्या, पंखा तेवढा बंद ठेवा. तुम्हाला फोटोत नेमकं काय बघायला आवडतं, माणसं की भिंती, गर्दी की रिकाम्या जागा, ते त्या फरशीवर दिसायला लागतं.

मग सलॉनला खुशाल पाठवा. मी स्पर्धेच्या विरोधात नाही. डेडलाइन असल्याशिवाय आपण कुणीच काही करत नाही, हे आपल्या टीम लीडला विचारा. वर्षातून दोन-तीन चांगल्या सलॉनची फी हा जिमच्या न वापरलेल्या मेंबरशिपपेक्षा नक्कीच बरा खर्च आहे. परीक्षक कोण आहेत ते आधी बघा, मागच्या वर्षीचा कॅटलॉग चाळा. आणि चारांतला एक फोटो तरी असा पाठवा, जो लागणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण जो तुमचा आहे. कधीतरी नेमका तोच लागतो. तेव्हा होणारा आनंद धनगराच्या मेडलने होत नाही, हे मेडलवालेसुद्धा खासगीत कबूल करतात.

क्लबात जायचं असेल तर पहिल्यांदा नुसतं पाहुणं म्हणून जा. बहुतेक ठिकाणी येऊ देतात, मात्र आधी एक फोन करा. कोणता कॅमेरा आणलाय याची चर्चा दाराशीच संपवा, नाहीतर अख्खी संध्याकाळ लेन्सच्या किमतीत जाईल. लॅपटॉप नेऊ नका, तीन प्रिंट न्या. खालच्या बाजूला धरा, बोटांचे ठसे पडतात. कुणी काकांनी प्रिंट हातात घेऊन उलटा धरून बघितला तर दचकू नका. फोटोचा तोल कुठे ढळतोय ते उलटं धरलं की पटकन दिसतं, ही फार जुनी ट्रिक आहे. मग ते तो सरळ करतील, चष्मा नाकावर ढकलतील आणि म्हणतील, ‘बरा आहे. पण डावीकडचा हा डाग बघितलास का?’